शैक्षणिक संपादणूक आणि विद्यार्थ्यांची सामाजिक रचना : सायखेडा परिसराच्या संदर्भात एका संशोधनप्रकाराची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनात एक विषय गेली अनेक वर्षे सातत्याने हाताळला जात आहे. ‘उच्च प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी व त्यांची शैक्षणिक संपादणूक यांचा सहसंबंध’ असे त्याचे साधारण शीर्षक असते. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधिकांपासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामसर्वेक्षणापर्यंत हा विषय निरनिराळ्या रूपांत आढळतो. त्याची पद्धतीही ठरून गेलेली आहे. मुख्याध्यापकांकडून वार्षिक निकाल घ्यावयाचा, विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घ्यावयाची, जातप्रवर्ग, लिंग, पालकांचा व्यवसाय, उत्पन्न व शिक्षण असे रकाने करावयाचे, सहसंबंध गुणांक काढावयाचा आणि शून्य परिकल्पनेचा त्याग करावयाचा. निष्कर्षही बहुधा एकच असतो : ज्यांची आर्थिक स्थिती चांगली, त्यांची संपादणूक चांगली.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. तो बहुतांशी खराच आहे. मात्र खरा निष्कर्षही अपुऱ्या मोजणीवर उभा असेल तर त्यावरून घेतले जाणारे निर्णय अन्यायकारक ठरू शकतात. म्हणून येथे कोणत्याही एका शाळेचा निकाल मांडण्याऐवजी ज्या साच्यातून असे निकाल वाचले जातात, त्या साच्याचीच चिकित्सा करण्याचे योजिले आहे. त्यासाठी निफाड तालुक्यातील सायखेडा हा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. एखाद्या ठिकाणाची शेती, पाणी व मजुरी यांचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी कसे भिडते, हे येथे स्पष्टपणे पाहता येते.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. आपले रकाने मूल ‘कोण’ आहे हे विचारतात. ते शाळेत ‘केव्हा’ आणि ‘किती दिवस’ होते, हे विचारत नाहीत. गोदाकाठासारख्या प्रदेशात मात्र संपादणुकीचा पहिला प्रश्न हाच आहे.

परिसराचे स्वरूप

सायखेडा हे गोदावरीच्या काठचे बाजारपेठेचे गाव. नदीपलीकडे चांदोरी आणि खालच्या अंगाला गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या बंधाऱ्याने व त्यावरील कालव्यांनी पाण्याची व्यवस्था बदलली. त्याच्या पाणफुगवट्यावर वाढलेल्या पाणथळीला मिळालेला रामसर क्षेत्राचा दर्जा २०२० मध्ये जाहीर झाला. निफाड तालुका द्राक्ष, कांदा व ऊस या तीन पिकांसाठी ओळखला जातो. कांद्याची मोठी बाजारपेठ असलेले लासलगाव याच तालुक्यात आहे.

ही तिन्ही पिके मजुरांच्या हातांवर उभी आहेत आणि तिन्हींचे हंगाम शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर येतात. द्राक्षबागेची गोडी छाटणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. त्यानंतर विरळणी, डिपिंग अशी नाजूक व वेळेवरच करावी लागणारी कामे येतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा काढणीचा काळ आणि लगेच एप्रिल-मेमध्ये खरड छाटणी. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, तर काढणी मार्च-एप्रिलमध्ये. उसाची तोड दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी या तालुक्यांच्या डोंगराळ भागातून आदिवासी मजुरांची कुटुंबे बागांच्या कामाला खाली उतरतात. ऊसतोडीच्या टोळ्या आणखी दुरून येतात.

म्हणजे जूनमध्ये शाळा भरते तेव्हाचे गाव आणि जानेवारीतील गाव ही लोकसंख्येच्या दृष्टीने एकच नसतात. याच्या जोडीला नदी आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील गोदावरीच्या पुरांनी सायखेडा-चांदोरी परिसराला वेढले होते. पूर सर्वांना सारखा लागत नाही. सखल भागात, नदीकडेला, कच्च्या घरात राहणाऱ्याच्या वह्या-पुस्तकांसह संसार भिजतो; उंचावरील मळ्यातील घराला तो बहुधा रस्ता बंद होण्यापुरताच जाणवतो. निकालपत्रकात मात्र दोघांचाही पहिल्या सत्राचा रकाना एकच असतो.

रकान्यांची चिकित्सा

प्रश्नावलीतील प्रचलित रकाने या पार्श्वभूमीवर तपासून पाहणे क्रमप्राप्त ठरते.

‘पालकाचा व्यवसाय : शेती’ हे उत्तर निफाड तालुक्यात जवळजवळ काहीच सांगत नाही. निर्यातक्षम द्राक्षबाग असलेला बागायतदार शेतीच करतो, अर्धा एकर कांदा लावून उरलेले दिवस दुसऱ्याच्या बागेत जाणाराही शेतीच करतो आणि वाट्याने जमीन कसणाराही आपला व्यवसाय शेती असाच लिहितो. मूल उत्तर देते तेव्हा प्रतिष्ठेचा प्रश्नही असतो. ‘मजुरी’ लिहिण्यापेक्षा ‘शेती’ लिहिणे त्याला बरे वाटते. या तिघांना एका गटात घालून काढलेली सरासरी तिघांपैकी कोणाचीही नसते.

‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्याची स्थिती याहून कठीण आहे. तेथे लिहिला जाणारा आकडा बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यावरचा असतो आणि तो दाखला एखाद्या सवलतीसाठी काढलेला असतो. शिवाय बागायतीचे उत्पन्न वर्षागणिक बदलते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस झालेल्या गारपिटीने निफाड परिसरातील ऐन बहरातील बागा झोडपल्या. त्या वर्षी ज्याला आपण ‘उच्च उत्पन्न गट’ म्हणतो, तो कर्जाच्या हप्त्यासाठी धावत होता. एका वर्षाच्या उत्पन्नाची एका वर्षाच्या गुणांशी सांगड घालणारा सहसंबंध अशा ठिकाणी कितपत विश्वसनीय मानावा, हा प्रश्न आहे.

‘जातप्रवर्ग’ हा रकाना आवश्यक आहे, याबद्दल दुमत असू नये. ज्या समाजात शतकानुशतके जातीने शाळेचे दार उघडले किंवा बंद केले, तेथे हा रकाना पुसणे म्हणजे इतिहास पुसणे होय. परंतु प्रवर्ग हे कारण म्हणून मांडण्याची घाई आपण करतो. ‘अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांची संपादणूक कमी आढळली’ या वाक्यानंतर पूर्णविराम येतो आणि वाचकाच्या मनात कारण म्हणून ती जमातच उरते. सायखेड्यासारख्या गावातील अनुसूचित जमातीच्या रकान्यात गावात पिढ्यान्पिढ्या राहणारे, नोकरीनिमित्त स्थायिक झालेले आणि केवळ हंगामापुरते आलेले अशी कुटुंबे असू शकतात. त्यांच्यातील फरक हा प्रवर्गाचा नसून मुक्कामाचा आहे. मुक्कामाला रकाना नाही, म्हणून प्रवर्गाला दोष लागतो.

‘मातृभाषा : मराठी’ हाही असाच एक सोयीचा रकाना. सुरगाणा-पेठच्या बाजूने आलेल्या मुलाची घरातील बोली कोकणा किंवा डांगाणी असू शकते. प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक त्याच्यासाठी अर्धे परके असते. सहावी-सातवीत इतिहास व विज्ञान यांची परिभाषा सुरू होताच हे परकेपण गुणांत उतरते. नोंदीत मात्र तो ‘मराठी माध्यमातील मराठी भाषक विद्यार्थी’ असतो.

तारखेचा प्रश्न

आपल्या शिक्षणव्यवस्थेत ३० सप्टेंबर या तारखेला विशेष महत्त्व आहे. वर्षानुवर्षे याच दिवशीचा पट ‘यू-डायस’च्या माहितीचा आधार राहिला आणि शिक्षकांच्या पदांची संचमान्यताही त्यावर ठरत आली. प्रशासनाला एक तारीख लागतेच, हे मान्य. तथापि, या तारखेचा सायखेडा परिसराच्या दृष्टीने अर्थ काय होतो, हे पाहिले पाहिजे.

३० सप्टेंबरला ऊसतोड कामगाराचे मूल आपल्या गावी असते. बागेच्या कामाला येणाऱ्या कुटुंबांचा ओघही नुकताच सुरू झालेला असतो. म्हणजे ते मूल मूळ गावच्या शाळेच्या पटावर मोजले जाते. पुढे तीन-चार महिन्यांनी ते सायखेड्याच्या परिसरातील एखाद्या शाळेच्या वर्गात येऊन बसते. कधी शिक्षण हमी पत्रक घेऊन येते, कधी नुसतेच थोरल्या भावंडाचा हात धरून येते. येथील शिक्षक त्याला बसू देतात, पाटी-पुस्तक देतात, पोषण आहारात सामावून घेतात. या कामाची नोंद कोणत्याही संपादणूक-तक्त्यात होत नाही. मूळ गावच्या शाळेत तेच मूल ‘अनियमित’ ठरते आणि तेथील निकाल खाली ओढते. एकच मूल एका शाळेच्या अपयशात मोजले जाते आणि दुसऱ्या शाळेच्या श्रमात मोजले जात नाही.

राष्ट्रीय पातळीवरील चाचण्यांनाही तारखेचा प्रश्न लागू आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ मध्ये १३ नोव्हेंबरला, २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला झाले. त्यापुढील ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी झाले. ही चाचणी त्या दिवशी शाळेत हजर असलेल्या मुलांची होते. नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ स्थलांतराचा आहे. ज्यांची संपादणूक सर्वांत अधिक धोक्यात आहे, तीच मुले त्या दिवशी रस्त्यावर, बागेत किंवा उसाच्या फडात असण्याची शक्यता अधिक. ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ पासून घरोघर जाऊन मुलांची वाचन-गणिताची चाचणी घेते. त्यामुळे शाळेत गैरहजर असलेले मूलही त्यात येऊ शकते, हा त्याचा मोठा गुण. पण गावातील नमुन्याच्या घरांत बागेच्या कडेला उभारलेले तात्पुरते पाल येईलच, असे नाही.

पटाच्या नोंदींवर आंधळा विश्वास ठेवावा, असाही याचा अर्थ नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या विशेष पटपडताळणीत कागदावर असलेले व वर्गात नसलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आढळले होते. त्या मोहिमेने बनावट पटाचा प्रश्न पुढे आणला, हे योग्यच झाले. मात्र तेव्हापासून ‘पटावर असून वर्गात नसलेले मूल’ म्हणजे बनावट मूल, असा एक समज रूढ झाला. प्रत्यक्षात त्यांपैकी काही मुले खरी होती. ती फक्त दुसरीकडे होती.

सरासरीचे गणित

वरील विवेचन केवळ भावनिक वाटू नये म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुढील आकडे कोणत्याही शाळेचे नाहीत. केवळ सरासरीचा स्वभाव स्पष्ट व्हावा यासाठी ते कल्पिले आहेत.

समजा, सातवीच्या वर्गात ४० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी २८ वर्षभर गावात राहणारे व १२ हंगामी स्थलांतर करणारे. पहिल्या गटाची सरासरी ६० गुण, दुसऱ्याची ३५. वर्गाची सरासरी ५२.५ येते. पुढील वर्षी शिक्षकांनी कसून मेहनत घेतली. स्थिर गटाची सरासरी ६२ झाली, हंगामी गटाची ३९ झाली. दोन्ही गट सुधारले. परंतु याच काळात सुस्थितीतील १० मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या बसने बाहेर जाऊ लागली आणि पटावर हंगामी कुटुंबांतील १० मुलांची भर पडली. आता १८ स्थिर व २२ हंगामी विद्यार्थी आहेत. वर्गाची सरासरी ४९.३५ येते. प्रत्येक गट सुधारूनही शाळा ‘घसरली’.

याउलट, शेजारच्या एका शाळेची आरंभीची स्थिती नेमकी हीच होती, असे समजू. तिने काहीच अधिक शिकवले नाही; उलट स्थिर गटाची सरासरी ६० वरून ५७ वर आली. पण सतत गैरहजर म्हणून १२ हंगामी मुलांची नावे पटावरून कमी झाली. तिची सरासरी ५२.५ वरून ५७ होते. तक्त्यात ही शाळा ‘प्रगत’ दिसेल. मुलांना सामावून घेणारी शाळा मागे आणि मुलांना वगळणारी पुढे, असा उलटा न्याय येथे सरासरीच करते.

यावर उपाय म्हणून काही अभ्यासक पूर्वचाचणी-उत्तरचाचणी पद्धती वापरतात. मूल कुठवर पोचले यापेक्षा ते किती पुढे गेले हे मोजावे, ही भूमिका निश्चितच अधिक न्याय्य आहे. परंतु अशा लेखांच्या संशोधनपद्धतीच्या परिच्छेदात एक वाक्य सहजपणे येते : दोन्ही चाचण्यांस उपस्थित असलेल्या विद्यार्थ्यांचाच विचार केला आहे. संख्याशास्त्राच्या सोयीसाठी हे वाक्य आवश्यक असेल. पण सायखेड्यासारख्या ठिकाणी याच वाक्याने अभ्यासाचा मूळ विषयच नमुन्याबाहेर जातो. जुलैत पूर्वचाचणी, फेब्रुवारीत उत्तरचाचणी. उरतात ती स्थिर मुले. मग ‘सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमीचा प्रगतीवर फारसा परिणाम आढळला नाही’ असाही निष्कर्ष निघू शकतो. जे मूल शाळेने गमावले, ते संशोधकानेही गमावले.

पिढ्यांची तुलना करतानाही अशीच सावधगिरी हवी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारी २०२१ मध्ये अल्पकाळ उघडून पुन्हा बंद झाले व ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले. २०२०-२१ मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल २०२५-२६ मध्ये सहावीत पोचते. त्याच्या अक्षरओळखीचे वर्ष घरातच गेले. २०१९ च्या सहावीशी त्याची तुलना करून आजच्या शिक्षकाला जबाबदार धरणे अनुचित होय. याच काळात मुलांची ये-जाही वाढली. ‘असर’नुसार ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. हे आकडे देशाचे आहेत, एका गावाचे नव्हेत. तथापि, सहा वर्षांत वर्गातील मुले कोण आहेत हेच दोनदा बदलू शकते, एवढे त्यांवरून निश्चित समजते.

दोन टोकांच्या भूमिका

संपादणूक व पार्श्वभूमी यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास अमेरिकेतील कोलमन अहवालापासून (१९६६) सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. सुमारे ६ लाख विद्यार्थी व ४ हजार शाळांच्या पाहणीतून या अहवालाने दाखवून दिले की, शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कुटुंबाची पार्श्वभूमी व सहाध्यायांची रचना यांचा संपादणुकीशी अधिक निकटचा संबंध आहे. आपल्याकडील बहुसंख्य लेखांमागे कळत-नकळत हीच भूमिका असते. तिचा एक दुष्परिणाम असा की, ‘मुलेच तशी’ या शिक्षककक्षातील वाक्याला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे होते.

मात्र हायनेमन व लॉक्सली यांनी १९८३ मध्ये २९ देशांतील माहितीच्या आधारे मांडलेले प्रतिपादन तितके उद्धृत होत नाही. देश जितका गरीब, तितका संपादणुकीवर शाळेचा व शिक्षकाचा प्रभाव अधिक, असे त्यांना आढळले. पुढील काळात या निष्कर्षावरही वाद झाले. तरी आपल्या संदर्भात त्याचा आशय महत्त्वाचा आहे. ज्या घरात पुस्तक नाही, त्या मुलाच्या आयुष्यात शाळा हेच पुस्तक असते. तेव्हा त्या मुलाला शाळेचा एक दिवस अधिक मिळणे याचे मोल सुस्थितीतील मुलाच्या एका दिवसापेक्षा अधिक असते. उपस्थितीच्या दिवसांना रकाना हवा, तो यासाठीच.

निकालावरून शाळेची किंमत ठरवण्याचा प्रयोग नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने ‘निकालानुसार अनुदान’ सुरू केले. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात ती पद्धत आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात व साक्षीत या प्रश्नाला हात घातला आहे. शेतकऱ्याच्या करातून उभा राहिलेला पैसा त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा सर्वपरिचित आहे. त्याचबरोबर, गरिबांची मुले गुरे राखण्यासाठी व शेतातील कामासाठी घरी लागतात, म्हणून त्यांना शाळेत आणण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी सुचविले होते. निकालावर आधारित अनुदानाची पद्धत गरीब व अशिक्षित वर्गांच्या शाळांना उपयोगाची नाही, असे त्यांचे मत होते. गैरहजेरीचे कारण मुलाच्या बुद्धीत किंवा जातीत न शोधता शेताच्या कामात शोधणारी ही दृष्टी आहे. आपल्या तक्त्यांत ती अद्याप पुरेशी उतरलेली नाही.

प्रश्नाचे गांभीर्य

हा वाद केवळ पद्धतिशास्त्राचा असता तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु या तक्त्यांवर निर्णय होतात. २०१७ च्या अखेरीस राज्यातील कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये समूहशाळांचा विचार पुढे आला. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) मूळ तरतुदीनुसार आठवीपर्यंत विद्यार्थ्यास त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या टप्प्यावर परीक्षा व अनुत्तीर्णता यांचा मार्ग राज्यांना मोकळा केला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियमांत बदल केले. आता आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या वेळी, म्हणजे ऐन द्राक्ष व कांदा काढणीच्या हंगामात, जे मूल परीक्षेस बसू शकले नाही किंवा बसूनही मागे पडले, त्याच्यावर ‘अनुत्तीर्ण’ हा शिक्का बसू शकतो. मुलीच्या बाबतीत तर आई काढणीला आणि धाकटे भावंड घरी, अशी स्थिती असताना हा शिक्का शिक्षणाचा शेवट ठरण्याचा धोका असतो.

शाळांची व शिक्षकांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. वर्षभर हजर असलेले सातवीतील मूल परिच्छेद वाचू शकत नसेल, तर त्याचे उत्तर शाळेलाच द्यावे लागेल. किंबहुना उपस्थितीचा रकाना जोडला तरच हा प्रश्न टोकदारपणे विचारता येतो. आज नियमित मुलांचे अपयश हंगामी मुलांच्या आड लपते आणि हंगामी मुलांची हेळसांड एकूण सरासरीच्या आड लपते.

काही सूचना

महाविद्यालयीन संशोधकांच्या आवाक्यात असलेल्या काही गोष्टी पुढे सुचवीत आहे. त्यांसाठी वेगळा निधी लागत नाही.

१. निकालपत्रकाच्या आधी हजेरीपत्रक मागावे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांसोबत महिनावार उपस्थितीचे दिवस नोंदवावेत. जून ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते एप्रिल असे दोन भाग केले, तरी हंगामाचा परिणाम दिसू लागतो.

२. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील दाखल-खारीज नोंदींवरून चार गट करावेत : वर्षभर स्थिर, वर्षात आलेले, वर्षात गेलेले, जाऊन परत आलेले. प्रत्येक गटाची संपादणूक स्वतंत्र द्यावी. एकत्रित सरासरी द्यावयाचीच असेल तर ती या चार गटांखाली द्यावी, त्यांच्याऐवजी नव्हे.

३. ‘व्यवसाय : शेती’ याऐवजी कसत असलेली जमीन, तिचे सिंचन, वर्षात दुसऱ्याच्या शेतात केलेले मजुरीचे दिवस आणि घराबाहेर काढलेले महिने असे साधे प्रश्न पालकांना विचारावेत. मुलाच्या उत्तरावर विसंबू नये.

४. नमुन्यातून वगळलेल्या मुलांची संख्या व कारण लेखात ठळकपणे द्यावे. किती मुलांवर अभ्यास केला याइतकेच, किती मुले अभ्यासातून निसटली हे महत्त्वाचे आहे.

५. मूळ गाव व मुक्कामाचे गाव या दोन्ही ठिकाणच्या महाविद्यालयांनी एकत्र काम करावे. सुरगाणा किंवा पेठ येथील प्राध्यापक व निफाड तालुक्यातील प्राध्यापक यांनी एकाच गटातील मुलांचा वर्षभर मागोवा घेतला, तर दोन अपुऱ्या तक्त्यांतून एक पुरा तक्ता तयार होईल. हे करताना मुलांची नावे व ओळख गुप्त राखणे ही पूर्वअट मानावी.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्षच केले, असे नाही. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक हे सारे प्रयत्न झाले आहेत. ‘सरल’सारख्या प्रणालीमुळे विद्यार्थीनिहाय नोंदी उपलब्ध झाल्या आहेत. म्हणजे मुलाचा माग घेण्याचे साधन आहे. त्याचा उपयोग मुलापर्यंत पोचण्यासाठी होतो की केवळ पट जुळविण्यासाठी, हे तपासणे अभ्यासकांचे काम आहे.

समारोप

संपादणुकीचा तक्ता हा आरसा आहे, असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते एका ठरावीक दिवशी काढलेले छायाचित्र असते आणि त्या दिवशी जे अंगणात नव्हते ते त्यात नसतात. सायखेड्याच्या परिसरात जानेवारीच्या एखाद्या सकाळी बागेच्या बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली बारा वर्षांची मुलगी कोणत्या शाळेची विद्यार्थिनी आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या एकाही तक्त्यात मिळत नाही. तिच्या मूळ गावच्या पटावर तिचे नाव असते. तिचा प्रवर्ग, तिच्या वडिलांचा व्यवसाय, तिची मातृभाषा हे सर्व तेथे व्यवस्थित भरलेले असते. ती स्वतः मात्र तेथे नसते.

सामाजिक पार्श्वभूमी व संपादणूक यांचा सहसंबंध सिद्ध करणारे आणखी लेख लिहिले जातील आणि ते लिहिले जावेतही. पण पुढच्या लेखाच्या पहिल्या तक्त्यात गुणांच्या आधी हजेरीचे दिवस असावेत आणि शेवटच्या ओळीत न सापडलेल्या मुलांची संख्या असावी. शाळेचा निकाल लावण्याचा अधिकार संशोधकाला त्यानंतरच पोचतो.